रडणारा नायक आपल्याकडचाच आहे

गेल्या आठवड्यात माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला. शीर्षक, 'खरा मर्द पडद्यावरून कुणी पळवला?' त्याआधी हाच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता काढून टाकला होता. भाच्याने टाकला म्हणून बसून वाचला. त्याला कारण आहे.

दीड महिन्यापूर्वी माझे वडील गेले. हा त्यांच्या मांडीवर वाढलेला नातू. घरात सगळे रडत होते आणि हा कोरड्या डोळ्यांनी खुर्च्या मांडत होता, आल्यागेल्याला पाणी देत होता. मग मोरीत गेला, कडी लावली आणि नळ सोडला. बादली भरून पाणी दाराखालून बाहेर यायला लागलं तरी नळ चालूच. बाहेर आला तेव्हा डोळे लालभडक. मला म्हणाला, "साबण गेला डोळ्यांत, मावशी."

त्या मजकुराचा पहिलाच दावा असा: आपल्या महाकाव्यांतला, नाटकांतला नायक कधी रडला नाही, रडका नायक ही अलीकडच्या ओटीटीने बाहेरून आणलेली साथ आहे.

हे लिहिणाऱ्याने रामायण उघडून तरी पाहिलंय का? सीता आश्रमात नाही हे कळल्यावर वाल्मीकींचा राम कदंबाला विचारतो, बिल्वाला विचारतो, अशोकाला विचारतो, तिला पाहिलंत का म्हणून. वेड्यासारखा रानभर फिरतो आणि रडतो. महाभारतातला अर्जुन घ्या. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात त्याचं वर्णन 'अश्रुपूर्णाकुलेक्षणम्' असं आहे, म्हणजे डोळे पाण्याने भरलेले.

आता कुणीतरी म्हणेल की लगेच पुढे कृष्ण त्याला 'क्लैब्यं मा स्म गमः', म्हणजे नामर्दपणा करू नकोस, म्हणून झापतो. झापतो, कबूल. शब्दही बोचरा आहे. पण रडण्यापायी अर्जुनाचं अर्जुनपण गेलं असं व्यासांनी कुठेही म्हटलेलं नाही. नुसत्या झापण्याने भागलं असतं तर गीता तिथेच संपली असती. रडणाऱ्या माणसाचं ऐकून घेत, त्याच्या एकेका शंकेला उत्तर देत ती अठराव्या अध्यायापर्यंत जाते.

आणि संस्कृत नाटककार भवभूती. विदर्भातला, आठव्या शतकातला. त्याच्या 'उत्तररामचरिता'चा तिसरा अंक या मजकुराच्या लेखकाला कुणीतरी वाचून दाखवायला हवा. सीतेचा त्याग करून बारा वर्षं झालेली आहेत आणि राम पुन्हा पंचवटीत आलाय. ओळखीची झाडं, ओळखीची नदी. तो हुंदके देतो, मूर्च्छित पडतो. सीता तिथेच आहे, पण त्याला दिसत नाही. तिच्या हाताच्या स्पर्शाने तो शुद्धीवर येतो. त्याच्या इतक्या वर्षांच्या दुःखाला भवभूतीने पुटपाकाची उपमा दिली आहे. औषध सिद्ध करताना चहूबाजूंनी लिंपून बंद करतात आणि विस्तवात ठेवतात, तसं. बाहेरून काही दिसत नाही, आत सगळं शिजत असतं. याच अंकात पुढे हा श्लोक येतो:

पूरोत्पीडे तटाकस्य परीवाहः प्रतिक्रिया ।
शोकक्षोभे च हृदयं प्रलापैरेव धार्यते ॥

तळं काठोकाठ भरलं की पाण्याला वाट काढून देणं हाच उपाय. शोकाने खवळलेलं काळीजही बोलून, रडूनच तगतं. 'प्रलापैरेव' यातल्या 'एव'कडे लक्ष द्या. विलापानेच, दुसऱ्या कशाने नाही. हे राजाबद्दल, रावणाला मारणाऱ्या योद्ध्याबद्दल लिहिलंय. रडला म्हणून भवभूतीने त्याला सोडूनही दिलेलं नाही. सीतेची मैत्रीण वासंती त्याच अंकात त्याला तोंडावर जाब विचारते. म्हणजे नायक रडू शकतो, चुकलेला असू शकतो आणि तरी नायक असू शकतो, एवढं सगळं त्या प्रेक्षकांना झेपत होतं. आणि आमच्या पोराला मोरीचा नळ सोडावा लागतो.

दुसरा दावा, पुरुषाने बाईचा वेश घेणं हे आजचं फॅड आणि संस्कृतीची विटंबना. यावर फार लिहायची गरज नाही. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात तारामती झाले होते अण्णा साळुंके. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. बालगंधर्वांचे शालू आणि केशरचना पाहून घरंदाज बायका तसं नेसायला, तसे केस बांधायला शिकल्या. १९११ साली 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, आणि प्रयोग झाला. दुःख गिळून काम करण्याला तुम्ही मर्दपणा म्हणत असाल, तर तो त्या दिवशी नाटकाच्या नायिकेच्या, भामिनीच्या वेशात रंगमंचावर उभा होता.

पूर्वीच्या नायिका मुकाट सोसायच्या म्हणे. १९३७ साली 'कुंकू'मधली नीरा म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मानायला चित्रपटभर नकार देते. आणि घरकाम करणारा नायक म्हणजे पुरुषाचा अपमान असेल, तर जनाबाईच्या अभंगाचं काय करायचं? 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी.' प्रत्यक्ष विठ्ठल केर भरतोय.

एक गोष्ट मान्य करते. हल्लीच्या कित्येक मालिका-जाहिरातींत घरातला पुरुष एकतर बावळट असतो नाहीतर राक्षस. बाईला शहाणी दाखवायची म्हणून नवऱ्याला साधा चहा येत नाही असं दाखवणं हे आळशी लेखन आहे. मजकुरातलं हे एक वाक्य बरोबर आहे. पण आळशी लेखनावर इलाज चांगलं लेखन हा आहे, मुलांच्या डोळ्यांना बूच मारणं हा नाही.

सगळ्यात जास्त मी अडखळले ती शेवटच्या मुद्द्यावर. 'जुना हिरो नकार ऐकून मागे फिरत नसे. तिच्या "नाही"मध्ये "हो" असतं हे त्याला कळायचं.' जुन्या सिनेमांत असं होतं हे खरंच आहे. बागेत, बसस्टॉपवर, कॉलेजच्या जिन्यात तो तिची वाट अडवतो, ओढणी धरतो, गाणं म्हणतो. तिसऱ्या कडव्यापर्यंत ती हसते. दशकानुदशकं आपण हे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. पण याला प्रेमाची रीत म्हणून सोळा वर्षांच्या मुलांना वाटणं हा गुन्हा शिकवण्याचाच प्रकार आहे. मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, संपर्क करत राहणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हा आपल्या कायद्यात २०१३पासून गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. शिक्षेचा धाक राहू दे बाजूला. जिचा पाठलाग होतो ती रस्ता बदलते, क्लास सोडते, घरी सांगितलं तर आपलंच बाहेर जाणं बंद होईल म्हणून गप्प बसते. तो भाग गाण्यात येत नाही.

भाच्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण मावशी, सिनेमात ती शेवटी हो म्हणतेच ना?" मी म्हटलं, "तिचा हो लेखकाने आधीच लिहून ठेवलेला असतो रे. तुझ्या वर्गातल्या मुलीचं उत्तर कुणीही लिहून ठेवलेलं नाही. ती नाही म्हणाली तर ते नाहीच."

बराच वेळ तो फोनशी चाळा करत बसला. मग भवभूतीचा श्लोक पुन्हा एकदा म्हणायला लावला, अर्थासकट. घरच्या ग्रुपवरचा मजकूर त्याने काढून टाकला आहे. मित्रांच्या ग्रुपवर तो अजून फिरतोय, असं त्यानेच सांगितलं. म्हणून हे लिहून काढलं आणि त्याला पाठवलं, तिथे टाकायला.