काका, आधी ते ब्रह्मकमळ वाळूतून बाहेर काढा

मागच्या पोस्टवर एका वाचकांची भली मोठी प्रतिक्रिया आलीय, तिला खाली उत्तर लिहायला घेतलं तर ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळंच टाकावं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, त्यांचं म्हणणं असं की मी ज्याला ब्रह्मकमळ म्हणते ते ब्रह्मकमळच नाही, निवडुंगाला सावली आणि खत सांगून मी लोकांची झाडं मारतेय, निवडुंग म्हणजे ऊन आणि वाळू हे शाळेतलं पोरगंही सांगेल, फोटोतली लाल फुलं तर एपिफायलमची (म्हणजे ज्या निवडुंगांच्या वंशात आपलं घरचं ब्रह्मकमळ येतं त्यातली) नाहीतच, आणि त्यांच्या गच्चीत हेच झाड सहा वर्षं आहे पण एक फूल नाही, तेव्हा हे सगळं ‘इंटरनेटी ज्ञान’ आहे. साठी उलटलीय असं तुम्हीच लिहिलंत म्हणून काका म्हणतेय, राग नसावा.

नावाचं आधी उरकून टाकते. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं हे शंभर टक्के मान्य, ते सॉसुरिया ऑबव्हलाटा, सूर्यफुलाच्या कुळातलं, ३००० मीटरच्या वर वाढणारं, उत्तराखंडचं राज्यफूल, ते पुण्यात कुंडीत लावायच्या फंदातही पडू नका. आपल्याकडे घरोघरी जे असतं ते एपिफायलम ऑक्सिपेटालम, मूळचं दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. पण नर्सरीत जाऊन ‘ऑक्सिपेटालम द्या’ म्हटलं तर तिथला पोऱ्या तोंडाकडे बघत बसेल, म्हणून मी ब्रह्मकमळच म्हणणार. फूल उमललं की लोक शेजारीपाजारी गोळा करून हळदकुंकू वाहतात यावर तुम्ही जे लिहिलंय त्यात मी पडत नाही, बिल्डिंगमधली माणसं रात्री दहाला एका कुंडीभोवती जमतात, मला तरी ते आवडतं.

आता ऊन आणि वाळू. काका, हा निवडुंग वाळवंटातला नाहीच आहे हो. हा जंगलात झाडावर राहतो, फांद्यांच्या बेचक्यात जो पालापाचोळा आणि शेवाळ साठून कुजतं त्यात मुळं रोवून, डोक्यावर मोठ्या झाडांची सावली, पाऊस भरपूर पण पाणी साचत म्हणून नाही, लगेच गळून जातं. वाळवंटातला निवडुंग बघा, गोल गरगरीत किंवा खांबासारखा, पाणी साठवायचं आणि उन्हाला अंग कमीत कमी दाखवायचं. आणि हा? चपटा, पातळ, पसरट, कारण याला सावलीत जेवढा मिळेल तेवढा उजेड गोळा करायचाय. आपण ज्याला पान म्हणतो ती मुळात फांदीच आहे, खरी पानं याला नसतातच, म्हणून तर ‘पानाला’ फूल येतं. एवढा आकार जरी नीट बघितला तरी दुपारच्या उन्हात ठेवायचं झाड हे नाही ते कळतं.

बरं, तुमच्याच प्रतिक्रियेत तुम्ही लिहिलंय की झाड ‘पिवळट लालसर’ पडलंय आणि फांद्या सुरकुतल्यात. हेच तर उत्तर आहे ना! एप्रिल-मेचं गच्चीवरचं ऊन, त्यात नुसती वाळू, त्यात आठवड्यातून एकदा पाणी, ते झाड सहा वर्षं जिवंत राहिलं हीच मोठी गोष्ट आहे, फुलं कुठून देणार बिचारं. पूर्वेची बाल्कनी असेल तर उत्तम, सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन याला चालतं, उलट हवंच असतं, अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर नुसत्या लांबट फिकट फांद्या फुटत राहतात आणि कळी काही येत नाही. गच्चीच असेल तर शेडनेट लावा किंवा पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकवा. कोकणात माझ्या मावशीकडे आंब्याच्या फांदीला टांगलंय, पावसाळ्यात त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, आपलं आपलं फुलतं.

माती म्हणाल तर मुळांना हवा पाहिजे आणि ओलही पाहिजे, दोन्ही. नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडं कोकोपीट, चाळलेला पालापाचोळा, मूठ-दोन मूठ गांडूळखत आणि निचऱ्याला विटांचे बारीक तुकडे, एवढं पुरतं. मी खत सांगितलं ते एवढंच, पोतं ओता असं नाही म्हटलेलं. नत्र जास्त झालं तर झाड हिरवंगार माजतं आणि फुलं देत नाही, तेही खरंय. आणि तुम्ही ज्या ड्रममध्ये लावलंय तो त्याला फार मोठा आहे, याची मुळं वरवरची असतात, कुंडी थोडी घट्टच बरी, मोठ्या कुंडीत खालचा भाग ओलाच राहतो आणि मुळं कुजतात. पाणी वरचा बोटभर थर सुकला की द्या, वार बघून देऊ नका.

आता लाल फुलांचं, कारण तिथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे पण अर्धंच. लाल, गुलाबी, केशरी मोठ्या फुलांची जी झाडं ‘एपी’ म्हणून विकतात त्यांच्यात बराचसा अंश डिसोकॅक्टस या निवडुंगांच्याच दुसऱ्या वंशाचा असतो, डिसोकॅक्टस अॅकरमनाय वगैरे, १९व्या शतकापासून युरोपात यांचे संकर होत आलेत. म्हणजे काटेकोर वनस्पतिशास्त्र लावलं तर ती शुद्ध एपिफायलम नाहीत, बरोबर. पण जगभर त्यांना एपीच म्हणतात आणि या संकरांची नावनोंदणी जी करते ती अमेरिकेतली १९४० साली सुरू झालेली संस्था, तिचंही नाव एपिफायलम सोसायटी ऑफ अमेरिका असंच आहे, तर मीच काय घोडं मारलंय. मी ‘एपी हायब्रिड’ असं लिहिलं होतं, परत एकदा वाचून बघा.

ओळखायचं कसं हे बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगते, फूल नसताना ओळखायचं असतं कारण विकत घेताना फूल नसतंच. फांदी हातात घ्या. ब्रह्मकमळाचं मुख्य खोड खाली गोल, काठीसारखं, जुनं झालं की भुरकट लाकडी, आणि वर त्यालाच चपट्या पातळ फांद्या फुटतात, कडा नागमोडी, मधे ठळक शीर, काटे नाहीत. लाल फुलांच्या हायब्रिडची फांदी जरा अरुंद आणि जाड, कधीकधी तिधारी, खाचांमध्ये बारीक केस किंवा टोचरे काटे, कोवळी फूट बऱ्याचदा लालसर. पूर्ण तिधारी, काटेरी, भिंतीला मुळं चिकटवत चढणारं असेल तर ते ड्रॅगन फ्रूट आहे, त्याचंही फूल पांढरं, मोठं आणि रात्रीच उमलतं म्हणून लोक हमखास फसतात, पण त्याच्या फुलाच्या बाहेर हिरवे खवले असतात आणि आतले पुंकेसर पिवळे, ब्रह्मकमळाचे पांढरट. बोटभर तुकड्यांची साखळी लोंबत असेल तर ते ख्रिसमस कॅक्टस. फूल आल्यावर तर प्रश्नच नाही, ब्रह्मकमळाची कळी लांब नळीच्या टोकाला लोंबते आणि उमलायच्या आधी नळी वाकून मान वर उचलते, आठच्या सुमाराला वास सुटतो, दहा-अकराला पूर्ण उमलतं आणि सकाळी मलूल. लाल हायब्रिड दिवसा उमलतं, दोन-तीन दिवस टिकतं, वास जवळपास नाही.

आणि हो, निळं ब्रह्मकमळ असा प्रकार नाही. निळ्या फुलाचा फोटो दाखवून ऑनलाइन बिया विकतात, कृपा करून घेऊ नका. आपल्याकडची बहुतेक झाडं एकमेकांच्या कटिंगचीच आहेत, त्यांना स्वतःच्या परागानं फळ धरत नाही, तर या पाकीटभर बिया येतात कुठून?

तुमच्या झाडाकडे परत येते. तुम्ही लिहिलंय की ‘चाबकासारख्या लांब गोल फांद्या येतात त्या मी दरवर्षी छाटतो, दिसायला बरं दिसत नाही’. काका, अहो त्याच तर ठेवायच्या! त्या गोल फांदीलाच पुढे बाजूने चपट्या फांद्या फुटतात आणि त्या जून झाल्या की खाचेतून कळी येते. एका खाचेतून साधारण एकदाच फूल येतं, म्हणजे नवीन फांद्या आल्याच पाहिजेत, आणि तुम्ही नेमक्या त्याच कापताय. काठीला बांधून घ्या आणि कात्री कपाटात ठेवा. पाऊस ओसरला की आठ-दहा इंची कुंडीत हलवा, मुळं मोडली असतील म्हणून तीन-चार दिवस पाणी देऊ नका, थंडीत पाणी कमी, खत बंद, मग फेब्रुवारी-मार्चपासून हळूहळू वाढवा. पुढच्या पावसाळ्यात फूल येईलच असं नाही, नवीन फांद्या तयार व्हायला वेळ लागतो. कळी धरली की मात्र कुंडी फिरवू नका, जागा बदलली किंवा माती कडक सुकली की कळ्या गळतात. कळीवर चिकट थेंब आणि मुंग्या दिसल्या तर घाबरून औषध मारू नका, तो झाडाचाच गोड रस असतो. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर ती गोष्ट वेगळी, तो कापडाने पुसून काढा.

एवढं सगळं सुनावून शेवटच्या ओळीत तुम्ही लाल फुलाची कटिंग मागितलीय, ते वाचून मी खूप हसले. देते की. पण आत्ता नको, या ओलीत कुजेल, ऑक्टोबरचं ऊन पडू दे. कापलेलं टोक सावलीत आठवडाभर सुकवायचं, मग दोन खाचा मातीत जातील एवढी उभी लावायची आणि मुळं धरेपर्यंत नुसता ओलावा ठेवायचा. उलटसुलट झाली तर गोंधळ होतो म्हणून मी मार्करने बाण काढून देईन, बाणाचं टोक वर.