कॅल्विन हॅरिसचा बेस कुठे गेला?

आज जिममध्ये डीजे-संगीतकार कॅल्विन हॅरिसचं 'समर' हे गाणं लागलं आणि शेजारचा मुलगा म्हणाला, "याची सगळी गाणी सारखीच वाटतात." डोकंच फिरलं माझं. राग त्या पोराचा नाही. २०१४च्या आसपास ऐकायला लागलेल्याला दुसरं काय वाटणार?

२००७ साली त्याचा पहिला अल्बम 'आय क्रिएटेड डिस्को' आला तेव्हा मी कॉलेजात होतो. चुलतभावाकडे लाकडी खोक्याचा सबवूफर, म्हणजे खालचे सूर घुमवणारा स्पीकर होता. त्यानं माझा तळहात खोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "शब्द सोड, नुसता बेस बघ." बेस, म्हणजे गाण्यातला खालचा घुमणारा सूर, हाताखाली तुरुतुरु पळायचा, मध्येच अडायचा, परत सुटायचा. सगळी मजा त्या अडण्यात! इलेक्ट्रो-फंक, म्हणजे फंकचा उड्या मारणारा बेस आणि इलेक्ट्रॉनिक आवाज, मला तिथे कळलं. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसचा पोरगा, जुन्या अमिगा कॉम्प्युटरवर घरी एकट्यानं अल्बम करतो. आवाज जेमतेम, कंटाळून बोलल्यासारखा. पण त्याचा स्वतःचा.

मग २०११ला रिहानाबरोबर 'वी फाउंड लव्ह'. अमेरिकेत दहा आठवडे पहिला नंबर. पुढच्या '१८ मंथ्स' अल्बममधली नऊ गाणी ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये. पैसे कमवू नयेत असं आपल्यातलं कुणीच म्हणणार नाही. पण गाणी ऐका ना! सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) चढतो, ड्रम दाट होतात, क्षणभर शांतता, मग धडाम. की पुन्हा तेच. त्या खोक्यावर आता हात ठेवला तर नुसता ठोका लागेल, एकसारखा. ते अडणं साफ गेलं. आणि गायला बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी. 'फील सो क्लोज' तो स्वतः गायलाय आणि छान गायलाय, बरं, मान्य.

२०१७ला 'फंक वेव्ह बाउन्सेस' हा अल्बम आला. बहुतेक वाद्यं त्यानं स्वतः वाजवलेली. त्यातल्या 'स्लाइड' गाण्याचा बेस सुरू झाला आणि मी भावाला फोन लावला. दोघंही काही बोललो नाही, तिकडेही तेच वाजत होतं. खरं सांगतो, भरून आलं. म्हणजे हात विसरला नव्हता तर! पण मग जास्तच लागतं हो. येत होतं, तरी इतकी वर्षं बाजूला ठेवलं. आणि इथेही गायला फ्रँक ओशन, फॅरेल, केटी पेरी. सुरेल मंडळी, प्रश्नच नाही. मला तो डम्फ्रीसचा कंटाळलेला आवाज हवा होता.

"कलाकारानं बदलू नये का?" असं कुणीतरी खाली लिहिणारच. बदलावं की. पण ते धडाम तेव्हा दहा जण करत होते. तो अडणारा बेस याच्याशिवाय कोण करणार होतं?