मीटर पळतोय का, घरीच पाहा

पाण्याच्या मीटरवरच्या तुमच्या लेखात ‘मीटर जास्त पळतो’, म्हणजे वापरापेक्षा जास्त पाणी दाखवतो, ही पुणेकरांची तक्रार आहे, पण ती तपासायची कशी हे राहून गेलंय. चक्रीवाल्या साध्या १५ मिमी मीटरसाठी लिहितो. टाकीच्या बॉलकॉकसकट सगळे नळ बंद करा. डायलवरची बारीक चक्री तरीही फिरत असेल तर गळती मीटरच्या पुढे, म्हणजे तुमच्याच लाइनमध्ये आहे. चक्री थांबली, तरच मोजमाप घ्या. थेट लाइनवरच्या नळाखाली २०-२० लिटरच्या पाच बादल्या भरा आणि लाल आकड्यांतला फरक पाहा. बादलीवरच्या खुणांवर विसंबू नका, वजन करा. एक लिटर म्हणजे एक किलो. आयएस ७७९ या पाण्याच्या मीटरच्या भारतीय मानकानुसार नेहमीच्या धारेला २ टक्के, अगदी बारीक धारेला ५ टक्के कमी-जास्त चालतं. घरच्या मोजणीत या शंभर लिटरला मीटरचा आकडा ९५ ते १०५ लिटरच्या बाहेर गेला, तर चाचणीसाठी लेखी अर्ज द्या. सील मात्र स्वतः तोडू नका.

ठरावीक वेळीच पाणी येतं तिथे खरा घोळ हवेचा. पाणी येण्याआधी पाइपातली हवा मीटरमधला पंखा गरगर फिरवते आणि तीही बिलात लागते. मीटरच्या आधी, पाणी येतं त्या बाजूला, हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह असायलाच पाहिजे, त्यासाठी सोसायटीने आग्रह धरावा.