पोस्ट न निघालेल्यांचा फोटो कुठे छापतात?

राज्यसेवेचा किंवा पीएसआयचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर एक बातमी ठरलेली असते. 'रिक्षाचालकाची लेक झाली उपजिल्हाधिकारी.' 'ऊसतोड मजुराचा मुलगा फौजदार.' फोटोत गुलाल, पेढा भरवणारी आई, मागे पत्र्याचं घर. मला या बातम्यांचा राग नाही. त्या आईचा आनंद खरा असतो आणि तो छापलाच पाहिजे. पण महाराष्ट्रात लाखो मुलंमुली 'पोस्ट', म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचं पद, निघावं म्हणून स्पर्धा परीक्षा करतात, आणि माध्यमांना त्यांचे दोनच चेहरे ओळखीचे आहेत: एक गुलालातला, दुसरा आंदोलनातला. कुणी जीव दिला तर तेवढ्यापुरता तिसरा. मधल्या सगळ्या आयुष्याकडे कॅमेरा वळतच नाही.

तो मथळा परत वाचून बघा. त्यात मुलीचं नाव नाही, बापाचा धंदा आहे. तिला कोणता विषय जड गेला, तिने तो कसा काढला, त्या खात्यात जाऊन तिला काय करायचं आहे, हे कुणी विचारत नाही. तिची गरिबीसुद्धा निकालाच्या दिवशीच बातमीयोग्य होते. आदल्या दिवशीपर्यंत त्याच घरात तीच गरिबी होती. आणि तसल्याच पत्र्याच्या घरातून निघालेली, तेवढीच रात्रंदिवस बसलेली, दोन मार्कांनी राहिलेली दुसरी मुलगी? तिच्या बापाच्या रिक्षाबद्दल कुणाला काही वाटत नाही.

जात तर या बातम्यांत जवळजवळ येतच नाही. गरिबी छापायला सोपी, जात छापायला अवघड. अभ्यासिकेत मात्र कटऑफ लागला की प्रत्येकजण आधी आपल्या प्रवर्गाची ओळ शोधतो. त्या ओळीवरून मैत्र्या ताणल्या जातात, टोमणे बसतात, कुणी गप्प होतं. आजच्या तरुणांच्या ओळखीबद्दल लिहायचं आणि ही ओळ गाळायची, हे मला पटत नाही.

आंदोलनाचंही तेच. 14 मार्च 2021 ची राज्यसेवा पूर्व परीक्षा अवघे तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर आली. ती परीक्षा मुळात एप्रिल 2020 मध्ये व्हायची होती. ऑगस्ट 2024 मध्ये राज्यसेवा पूर्व परीक्षा आणि आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी, 25 तारखेला आली, तेव्हा पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा चॅनेलवाले आले, घोषणा दाखवल्या, कोणता नेता भेटायला आला ते दाखवलं. परीक्षा पुढे गेली म्हणजे रूमचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी आणखी काही महिने घरून मागायची, हे किती बातम्यांत आलं? वय थांबत नाही. खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43 ही मर्यादा ऐकायला मोठी वाटते. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्याला विचारा.

मी स्वतः पुण्याच्या नवी पेठेत राहून हा अभ्यास केला आहे. पोस्ट निघाली नाही. आज पतसंस्थेत काम करतो, घर नीट चालतं. आमच्या ग्रुपमध्ये परभणीकडची एक मैत्रीण होती. राज्यघटना अशी समजावायची की ऐकणाऱ्याला कलम पाठ करावं लागत नसे. तिच्याकडून शिकून आमच्यातले काहीजण अधिकारी झाले, त्यांचे सत्कार झाले, फ्लेक्स लागले. तिचं दर वेळी मुख्य परीक्षेत थोडक्यात राहायचं. घरी स्थळं येत होती, आणि प्रत्येक निकालानंतर ती वडिलांकडून एक वर्ष मागून घ्यायची. आता तालुक्याला स्वतःची शिकवणी चालवते, मुली लांबून येतात. तिच्यावर बातमी होऊ शकत नाही, हे कुणी ठरवलं?

पडद्यावर थोडं बरं चित्र आहे, पण थोडंच. 2021 ची 'ॲस्पिरंट्स' ही दिल्लीच्या राजिंदरनगरमध्ये स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांची वेबमालिका आमच्या मुलांनी डोक्यावर घेतली ती संदीप भैयामुळे. शेवटचा अटेम्प्ट हुकलेला माणूस इतक्या आदराने कुणी दाखवला नव्हता. तरी त्यालाही पुढे राज्याच्या सेवेतला अधिकारी केलंच. 2023 च्या 'ट्वेल्थ फेल' चित्रपटात परीक्षेत राहून गेलेला गौरी भैया आहे. मोठ्या मनाचा आहे, पण तो नायकाला उभं करण्यापुरता. पोस्टशिवायही माणूस पुरा असू शकतो, एवढं म्हणायला दोन्हीकडे हात आखडला. न जिंकणाऱ्याची गोष्ट लोक बघत नाहीत, असं कुणी म्हटलं तर मी 'फँड्री' चित्रपटाचं नाव घेतो. नागराज मंजुळेंनी त्यातल्या जब्याला शेवटी काहीही मिळवून दिलं नाही. तरीही 2014 मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने तो पोरगा पाहिला आणि अजून विसरलेला नाही.

क्लासवाल्यांच्या जाहिराती ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. एकाच टॉपरचा फोटो चार क्लासच्या फ्लेक्सवर. कुणाकडे तो वर्षभर शिकला, कुणाकडे फक्त मॉक इंटरव्ह्यू दिला, वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये नियम आणले: निवड झाल्यानंतर उमेदवाराची लेखी संमती घेतल्याशिवाय नाव-फोटो वापरायचा नाही, त्याने कोणता कोर्स केला तेही सांगायचं. चांगलं झालं. पण गावाकडच्या आईबापांनी तोवर इतकी वर्षं तेच फ्लेक्स बघितलेत. 'त्याचं झालं, तुझं का नाही' हा प्रश्न तिथून घरात येतो. आणि मुलंही स्वतःला त्याच चौकटीत बघायला लागतात. यशस्वी झाल्यावर भाषणात काय बोलायचं हे मनात तयार असलेली मुलं मी पाहिली आहेत. अभ्यास थांबवायचा झाला तर घरी काय सांगायचं, हे त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं. म्हणून ती न सांगता रूम सोडतात, ग्रुपमधून बाहेर पडतात, गावातल्या लग्नांना जायचं टाळतात.

जिल्ह्यांतल्या वार्ताहर मित्रांना माझी विनंती आहे. पुढच्या निकालाला सत्काराची बातमी द्याच. पण त्याच आठवड्यात तुमच्या तालुक्यात अभ्यास सोडून परत आलेले कोण आहेत ते शोधा. कुणी दूध डेअरी बघतं, कुणी वकिली करतं, कुणी अजून ठरवतंय. त्यांना त्यांच्या नावाने छापा, बापाच्या धंद्याने नको. आमची ती मैत्रीण बोलायला तयार आहे, तिला विचारूनच हे लिहितोय. ज्यांना खरंच तिच्याशी बोलायचं आहे त्यांनी मला मेसेज करा.