रंग गेला म्हणजे विष गेलं? नाही हो, अजिबात नाही

निळ्या पाण्याच्या भांड्यात चिमूटभर नॅनो पावडर टाकतात, उन्हात ठेवतात आणि पाणी नितळ होतं, हा व्हिडिओ ग्रुपग्रुपवर फिरतोय. खाली लिहिलंय, "रंग गेला की विष गेलं, ऊन फुकट, पावडर संपतच नाही, डाईंगवाल्यांना आता ईटीपी नको." ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट.

फोटोकॅटॅलिसिस, म्हणजे उजेडाच्या जोरावर पावडरने रंग तोडणं, खरंच होतं, त्यावर वाद नाही. अशा पावडरीत बहुधा असणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पडला की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार चपळ कण तयार होतात आणि ते रंगाचा रेणू फोडतात.

पण "रंग गेला की विष गेलं" हे डेंजर आहे. व्हिडिओत बहुतेक मिथिलीन ब्लू हा निळा रंग असतो, त्याचा रंग ऑक्सिजन कमी पडला तरी जातो, बाटली बंद करून जोरात हलवा, हवा मिसळली की परत निळा, म्हणजे रेणू तुटलेलाच नव्हता. कधी तो नुसता पावडरला चिकटलेला असतो, म्हणून लॅबमध्ये आधी अर्धा तास अंधारात ढवळतात आणि मगच दिवा लावतात. आणि कापडाला लागतात ते बरेचसे अ‍ॅझो रंग, त्यातला नायट्रोजनचा जोड तुटला की रंग संपला, पण अर्धवट तुटलेले तुकडे पाण्यातच राहतात, काही वेळा अ‍ॅरोमॅटिक अमाइन्ससुद्धा, ज्यातले काही कॅन्सरकारक आहेत. डोळ्यांना काय दिसणार त्यातलं? टीओसी मोजा, पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला ते कळेल.

ऊन फुकट, बरोबर. पण साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला साधारण 387 नॅनोमीटरच्या आतला यूव्ही (अतिनील) उजेड लागतो, उन्हात यूव्ही जेमतेम 4-5 टक्के. त्याला कार्बन नायट्राइड वगैरे जोडून नॅनोकॉम्पोझिट करतात ते दिसणारा उजेडही वापरता यावा म्हणूनच. तरी इचलकरंजीतला पावसाळा धरा, शिवाय रात्रपाळीत निघालेलं पाणी कुठे साठवणार? आणि गडद पाण्यात उजेड खाली पोचतच नाही, लॅबमधलं पाणी बऱ्याचदा लिटरला 10 मिलिग्रॅम रंगाचं, तेही 100 मिली.

पावडर संपत नाही म्हणे. अहो, ती पाण्यातून परत काढायची कशी? लोहचुंबकाने ओढता यावी म्हणून काही जण आयर्न ऑक्साइड घालतात, ते चांगलंय. पण झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतं, कॅडमियम सल्फाइड उजेडातच झिजतं आणि कॅडमियम पाण्यात येतं.

आता ईटीपी. सुती कापडाच्या गडद शेडला रंगवायच्या पाण्यात (बाथमध्ये) लिटरला 50 ग्रॅमच्या पुढेही मीठ लागतं, वर सोडा अ‍ॅश. क्लोराइड, कार्बोनेट हेच रॅडिकल खाऊन टाकतात, आणि मीठ तर कुठल्याच उजेडाने तुटत नाही. तमिळनाडूतल्या तिरुपूरचे डाईंग युनिट 2011 मध्ये मद्रास हायकोर्टाने बंद केले ते उगाच नाही, तिथे मीठ काढायला आरओ आणि पाणी आटवणारे इव्हॅपोरेटर लागतात.

बायोलॉजिकल ट्रीटमेंटनंतर जो हट्टी रंग उरतो तिथे हे कॅटॅलिस्ट कामाचं ठरू शकतं, त्यावर मेहनत व्हायलाच हवी. पण ईटीपी बंद करा असं सांगणाऱ्यांनी आधी प्रोसेस हाऊसच्या आउटलेटचं पाणी घेऊन त्याचा टीओसी आणि टीडीएस (विरघळलेले क्षार किती ते) दाखवावा, पंचगंगेकाठच्या लोकांना तेच पाणी प्यायचंय.