गाठ म्हणायचं नाही

बाळाला मान असते असं पुस्तकात लिहिलेलं आहे. मी पुस्तकावर विश्वास ठेवते, कारण त्यावरच परीक्षा पास झाले. पण सहा महिन्यांचं गुटगुटीत लेकरू समोर आलं की माझी श्रद्धा डळमळते. हनुवटी संपते तिथे थेट छाती सुरू होते. मधे दोन-तीन वळ्या असतात आणि त्या वळ्यांत पावडर, सुकलेलं दूध, काळा दोरा आणि कधीकाळी हरवलेला मुरमुरा असा ऐवज असतो. मान म्हणतात ती यातच कुठेतरी असावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात मी डॉक्टर आहे. दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक औषधनिर्माता आणि एक गाडी असा आमचा संसार. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची सगळी पोरं आमची. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावांत एवढं लांब नाव कोणी घेत नाही. "डोक्शे मोजनारी गाडी आली वं" एवढं ओरडलं की आया लेकरं घेऊन निघतात आणि जरा मोठी पोट्टी तुरीच्या वावरात पसार होतात.

डोकं मोजायचं कसं, ते ऐकायला सोपं आहे. टेप भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागे जिथे डोकं सगळ्यात जास्त बाहेर आलंय तिथून फिरवायची. तीनदा मोजायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. जन्माच्या वेळी साधारण 34-35 सेंटीमीटर, वर्षाला 46 च्या आसपास. आता यात तेल घाला. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर तेल लावत नाहीत, ओततात. टेप भुवईवर ठेवली की घसरून नाकावर, नाकावरून तोंडात. बाळाला दात आलेले असले तर टेप परत मिळायला वेळ लागतो. एकदा तीन वेळा मोजून 44, 45.5 आणि 47 आले. डोकं तेच, मोजणारी तीच. शेवटी लक्षात आलं की पोराचं जावळ माहूरला जाऊन काढायचा नवस आहे, नवस काही फिटलेला नाही, आणि मी डोक्याबरोबर त्याचा अंबाडाही मोजते आहे.

टाळूचा विषय निघाला की आजी पुढे सरकते. टाळू ही आजीच्या हुकमतीखालची जागा.

"भरली नाई अजून. तेल घालूनच राहिलो ना मी."

"आजी, पुढची टाळू दीड वर्षापर्यंत भरते बहुतेकांची. मागची छोटी तर दोन महिन्यांतच बंद होते. तेलाचा त्यात काही हात नाही."

"मंग माह्या सात लेकराईची भरली थे कायनं?"

याला उत्तर नाही. तेल न घातलेलं एकही मूल तिच्या घरात झालेलं नाही, त्यामुळे तुलना करायला काही शिल्लकच नाही. "उडून राहिली पाहा" असं घाबरून दाखवतात तेही बहुधा नाडीबरोबर होणारं साधं धडधडणं असतं. खरी पंचाईत वेगळीच. टाळू पाहायची ती बाळ बसतं धरून आणि शांत असताना, कारण रडलं की ती फुगते. आणि बाळ शांत असतं ते मी दिसेपर्यंत.

एक मात्र कबूल करते. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, पोरांना जुलाब लागतात, तेव्हा "टायू खाली गेली" हे आजी माझ्याआधी सांगते, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगते. मग मी टेपबिप बाजूला ठेवून ओआरएसचं पाकीट फोडते आणि आजीशी वाद घालत नाही.

आता मान. पहिला टप्पा दागिने उतरवण्याचा. काळा दोरा, ताईत, ओवलेला बिब्बा, चांदीचा चंद्र, प्लास्टिकचं वाघनख आणि कपाटाची किल्ली. ही शेवटची आईची असते, सुरक्षित राहावी म्हणून पोराच्या गळ्यात. हे सगळं काढू देत नाहीत, फक्त पाठीवर सरकवू देतात. मग मी मागून बोटं घालते. आधी कानांच्या मागे, मग मानेच्या मागे, जबड्याच्या कोपऱ्याखाली, हनुवटीखाली, मानेच्या कडेकडेने उतरत शेवटी गळ्याच्या हाडाच्या वर. बोटांच्या पेरांनी, हलक्या हाताने, गोल गोल. नेमक्या याच पद्धतीने जगभर पोरांना गुदगुल्या करतात. पोरगं खिदळून हनुवटी छातीवर दाबतं आणि माझी दोन बोटं आत अडकतात. न हसणारं पोरगं रडतं. दोन्हींत मान मिळत नाही.

यावर मला एक सहकारी सापडली. अंगणवाडीच्या छताखाली एक पाल राहते. "अरे, पाल बघ!" म्हटलं की पोरगं वर बघतं आणि जन्मात पहिल्यांदा त्याची मान दिसते. पाल डावीकडे सरकली की मान डावीकडे, उजवीकडे सरकली की उजवीकडे. मान कुठे आखडलेली नाही ना, एका बाजूला कललेली नाही ना, मधोमध फुगवटा नाही ना, सगळं फुकटात कळतं. मागच्या वर्षी अंगणवाडीला रंग दिला आणि पाल गेली. तेव्हापासून मी "पाल बघ" म्हणते आणि पोरं वर बघून म्हणतात, "कुठी?" तेवढाच वेळ मिळतो.

खाली बघायला लावायचं कामही असतंच. तापाच्या पोराला हनुवटी छातीला टेकवता येते की नाही, हे पाहावंच लागतं, मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर मान कडक होते. (अगदी तान्ह्यात ती कडक होईलच असं नाही, म्हणून तिथे पुन्हा टाळूकडे यावं लागतं. म्हणजे पुन्हा आजीकडे.) तान्ह्या पोळ्यानंतरच्या आठवड्यात हे सोपं जातं, कारण प्रत्येकाच्या काखेत लाकडी नंदी असतो. तो हळूच जमिनीवर ठेवायचा, पोरगं वाकून बघतं. यंदा एका चार वर्षांच्या गृहस्थांनी अट घातली, आधी माह्या नंदीले तपासा. मी नंदीची झूल बाजूला करून गळा चाचपला, घुंगरांखाली बोटं फिरवली.

"बरा हाय का थो?"

"एकदम बरा आहे."

"मंग मीबी बराच हावो," म्हणून ते निघून गेले.

पण खरं दुखणं तपासण्यात नाही, सापडल्यावर काय म्हणायचं यात आहे. कारण सापडतंच. चांगल्या धडधाकट पोराच्या मानेत बोटांखाली वाटाण्याएवढं, मऊ, इकडून तिकडे निसटणारं काहीतरी लागतं. एक सेंटीमीटरच्या आतलं असेल, दुखत नसेल, तर बहुतेक वेळा त्याला काही अर्थ नसतो. लहानपणी जंतूंना अडवणाऱ्या या ग्रंथी भरलेल्याच असतात, वयात येताना आपोआप आटोक्यात येतात. मी त्यांना पोलीस पाटील समजते. दात किडला की जबड्याखालचा पाटील जागा होतो, डोक्यात फोड झाले की मानेमागचा. आरडाओरडा करून झाला की बसतो पुन्हा गप्प, पण पोट काही लगेच कमी होत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका आईला म्हणाले, "छोटी गाठ आहे, काळजीचं काही नाही." तिने फक्त पहिले तीन शब्द ऐकले. मराठीत लग्नाची गाठ बसते, पदराला गाठ मारतात, पण डॉक्टरच्या तोंडून गाठ निघाली की तिचा एकच अर्थ होतो. संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर बातमी होती की पोराला कॅन्सर झाला. रात्री मामा आर्वीहून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीसमोर निम्मं गाव. त्यात आपल्या गुडघ्यातली गाठ दाखवायला आलेल्या दोन आज्या आणि बैलाच्या मानेवरचं आवाळू घेऊन आलेला एक शेतकरी. बैलासकट.

तेव्हापासून गाठ हा शब्द मी टाकला आणि "दाणा" म्हणू लागले. "हरभऱ्याएवढा दाणा आहे, आपोआप जाईल." महिनाभर बरं चाललं. मग अंगणवाडीच्या ताईंनी हळूच सांगितलं, "मॅडम, बायाईनं पोरायले शेंगदाने द्यायचे बंद केले. म्हन्ते, मॅडमनं सांगतलं दान्यानं होते म्हनून." ज्या पोरांच्या वजनासाठी आम्ही दाणे-गूळ खा म्हणून घसा फोडतो, त्यांचेच दाणे मी बंद केले होते.

सुटका केली ती एका आजीने. पोराची मान स्वतःच चाचपून ती बायकांना म्हणाली, "कायले भेता वं? अवधान होय थे. पायात काटा रुतला का जांघंत येते ना, तसंच. काटा काढला का जाते." अवधाण! एवढा नेमका शब्द या मातीत पडलेला आणि मी पाच वर्षं कॉलेजात घालवून दाणे वाटत फिरत होते. आता आजीलाच पुढे बसवते.

पण सगळ्याच गाठी अवधाणाच्या नसतात, ते आजीलाही ठाऊक आहे. गळ्याच्या हाडाच्या वर लागलेली, दगडासारखी, वाढत चाललेली, दोन आठवड्यांहून जुना ताप आणि उतरणारं वजन सोबत घेऊन आलेली गाठ लागली की माझी बडबड बंद होते. सात वर्षांच्या एका मुलीच्या मानेत एकमेकींना चिकटलेल्या तीन-चार लागल्या, न दुखणाऱ्या. आजीने माझ्याकडे पाहिलं, मी आजीकडे. "गंडमाळ," ती पुटपुटली. तपासणीत क्षयरोगच निघाला. सहा महिने गोळ्या झाल्या. परवा गेले तेव्हा ती चिंचेच्या झाडावर होती आणि मान तपासायला खाली यायला तयार नव्हती.

मानेच्या मागे बारीक बारीक लागल्या, की पुढची पायरी केस बाजूला करून पाहण्याची. म्हणजे उवा. खाजवून खाजवून फोड, फोडांमुळे अवधाण. या तपासणीत डॉक्टरचं डोकं आणि पेशंटचं डोकं यांत वीतभर अंतर राहतं, आणि पोरगी वळवळली की तेवढंही राहत नाही.

गेल्या रविवारी अंगणात तूर निवडत बसले होते. सासूबाई बराच वेळ बघत होत्या.

"पंधरा दिवस झाले, डोक्सं काहून खाजवून राहिली वं तू?"

"काही नाही आई, घामानं."

त्यांनी उत्तर दिलं नाही. फणी आणि पांढरा पंचा घेऊन आल्या आणि मला दोन गुडघ्यांमधे बसवलं. पहिल्याच फटक्याला पंच्यावर तीन पडल्या. "डाक्टरीन म्हने," एवढंच बोलून त्यांनी अंगठ्याच्या नखांवर एकेक निकालात काढायला सुरुवात केली. मग त्यांची बोटं मानेवर उतरली आणि थांबली.

"हे कायची गाठ वं?"

"गाठ नाही आई. अवधाण आहे. उवांमुळे येतं. काळजीचं काही नाही."

फणी तशीच हवेत राहिली. "कोन्या मोठ्या डाक्टरले दाखवलं का? बाळ्याले सांगतो, उद्याच नागपूरले जाऊ."

"आई, मी रोज तीस पोरांना हेच..."

तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून आवाज आला, "कोनाले गाठ झाली वं?"