गाडी जरा गार होऊ द्या

सात सीटची डिझेल गाडी घेतलीत? अभिनंदन! हप्त्यासोबत आणखी एक गोष्ट आता नेमाने येत जाईल: डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. घाबरू नका. सणासुदीला आणि लांबच्या प्रवासाला तो लागतोच, आपल्या घरचाच समजा.

गाडीत माणसं सात बसतात, पण मत देणारे सेन्सर त्याहून कितीतरी जास्त. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराच्या नियमांत आपण बीएस-४ वरून एकदम बीएस-६ वर उडी मारली, मधली पाचवी पायरी गाळून. तेव्हापासून डिझेल गाडीत काजळीच्या फिल्टरचा दाब बघणारा वेगळा, धुराची ऊब बघणारा वेगळा. हवा स्वच्छ व्हावी, याला ना नाही. फक्त मोजणाराच दर चार महिन्यांनी अंथरूण धरतो.

पण खरा मानकरी क्रँक सेन्सर. बोटभर प्लास्टिक. समोर फिरणाऱ्या चाकाचे दाते मोजायचे, इंजिन कुठवर फिरलंय ते कॉम्प्युटरला कळवायचं, मग डिझेल कधी मारायचं ते ठरतं. हा गप्प बसला की चालतं इंजिन बंद. आणि याची खोड अशी, की तापला की मुका, गार झाला की पोपट.

म्हणून तुम्ही प्रवास नीट आखा. मे महिना, दुपारचे दोन, खंबाटकीचा चढ, मागच्या सीटवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. गाडी इथेच बंद पडते. स्टिअरिंग दगड होतं, ब्रेक दोनदा दाबला की तोही दगड. तिसरा दगड सौ.नी उतरून चाकामागे लावायचा. पहिल्या खेपेला त्या गोटा आणतात, तो घरंगळतो. पाचव्या खेपेपर्यंत एका बाजूने चपटा, हातात मावणारा दगड जुन्या पायपुसण्यात गुंडाळून डिकीत कायमचा राहायला आलेला असतो. मागचा ट्रकवाला काय म्हणतो ते आईला ऐकू जाऊ नये म्हणून काच वर करायला जाल, तर एसी बंद. असो.

अर्ध्या तासाने गाडी आपणहून चालू होते. आता सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे ती अशी गुणी वागते, की तुम्हीच खोटे पडता. फिटर स्टिअरिंगखाली स्कॅनर लावतो आणि सांगतो, ‘हिस्ट्रीत कोड आहे, लाइव्ह नाही.’ म्हणजे बिघाड होऊन गेल्याची नोंद आहे, आत्ता बिघाड नाही. मग तो कोड उडवतो, दिवा विझतो, बिल होतं. पुढच्या खेपेला विचारतील, ‘डिझेल कुठे भरता?’ त्याच्या पुढच्या खेपेला, ‘पार्किंगमध्ये उंदीर आहेत का?’ उंदीर आहेत म्हणा. नाहीत म्हणालात तर आधी कॅम सेन्सर बदलतील, मग वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी ज्याचा कोड पहिल्या दिवसापासून येतोय तो. (वॉरंटी संपायची वाट कोणी बघत नाही हो, पार्टच उशिरा येतो.)

अखेर नवा सेन्सर बसतो. गाडी धुऊन, पुसून समोर येते. डिकी झाडणारा पोरगा पायपुसणं उलगडून विचारतो, ‘काका, हा दगड फेकू का?’

तुम्ही तोंड उघडायच्या आत सौ. म्हणतात, ‘राहू दे रे. नवीन सेन्सर बसवलाय ना.’